पेळूला अंगण शिकवताना

अब्बा,

आज सकाळीही पेळूने तुमच्या खोलीच्या दारावर चोच मारली. टक टक टक, मग थोडं थांबणं, मग पुन्हा टक टक. दार मी उघडलं नाही. तुम्हाला नेल्यानंतर एकदाच उघडलं होतं, तेव्हा तो तुरुतुरु आत गेला, उडी मारून खाटेच्या पायथ्याशी बसला आणि मान वाकडी करून उशीच्या जागेकडे बघत राहिला. उशी मी आधीच उचलली होती. त्याला उचलून बाहेर आणलं आणि तेव्हापासून कडी लावून ठेवते.

भेटायला येणारी माणसं तुम्ही किती नेक होता ते सांगतात आणि मी मान हलवते. तुमचा नेकपणा मला आठवत नाही असं नाही, पण सध्या आठवतो तो तुमचा हट्ट. बोलता बोलता अंगणातून पेळू आत डोकावतो आणि नात्यातली एखादी खाला विचारते, हा कोंबडा कोणाचा? अब्बांचा, असं म्हणते. पुढे काय सांगू? अब्बांनी हातावर वाढवलेला, अंड्यातून निघाल्यापासून घरातच राहिलेला, आणि बाहेर कसं राहायचं हे अजून न कळलेला, हे एवढं सगळं चहा संपेपर्यंत सांगून होत नाही.

तो घरात आला तेव्हा मी अमरावतीला होते. फोनवर तुम्ही म्हणालात, "नसीम, घरात पोरगा झाला." मी घाबरलेच. मग हसत हसत सांगितलंत. तेल्हाऱ्याकडच्या एका गावात तुम्ही नेहमीच्या घरी कापूस पिंजायची कमान घेऊन गेला होतात, आणि ते घर निघण्याच्या तयारीत होतं. सगळी माणसं पुण्याकडे कामाला चालली होती. कोंबड्यासुद्धा विकून झाल्या होत्या, खुडूक बसलेलीही. तिच्याखालची अंडी तेवढी राहिली होती. त्या घरच्या बाईने ती पदरात धरून तुम्हाला दिली, "चाचा, फेकाले जीव होत नाही, तुमी घेऊन जा." तुम्ही ती पिंजलेल्या कापसात गुंडाळली, पिशवीत घातली आणि पिशवी पोटाशी धरून एसटीने अकोटला आलात. घरी चुलीजवळ ठेवलीत. बाकीची गार पडली, एक तेवढं फुटलं.

कापसातून निघालेलं ते पिल्लू कापसासारखंच दिसत होतं म्हणून तुम्ही त्याचं नाव पेळू ठेवलंत. सूत कातायला पिंजलेल्या कापसाची जी वळी करतात, ती पेळू. हे मी मराठीची बाई असून मला तुमच्याकडून कळलं. पुढे त्याची मान तांबूस झाली, शेपटीत काळी पिसं आली, पण नाव तेच राहिलं.

तुम्ही त्याला कोंबडा म्हणून वाढवलंच नाहीत. भाकरी चावून त्याच्यापुढे ठेवायचात. तो तुमच्या खांद्यावर बसून बाजारात यायचा. कोंबड्या मातीत अंघोळ करतात, हा पिंजलेल्या कापसाच्या ढिगात शिरून पंख फडफडायचा आणि तुम्ही ओरडायचात, "अबे, गिऱ्हाइकाची गादी आहे ते!" ओरडायचात, पण त्याला उठवत नव्हतात. "आ आ आ" करून हाक मारली तर तो ढिम्म हलायचा नाही. कमानीच्या तातीवर, त्या ताणून बांधलेल्या दोरीवर, तुमची लाकडी मोगरी पडली आणि ती तुण्ण करून वाजली, की असेल तिथून धावत यायचा. त्याची आई म्हणा, बाप म्हणा, तो आवाज होता. शेजारच्या कौसल्याकाकू म्हणायच्या, "हा कोंबडा नाही वं बाई, हा तुया भाऊ आहे." भाजीचा हारा डोक्यावर घेऊन बाजाराला निघताना त्या रोज हे म्हणायच्या आणि रोज स्वतःच हसायच्या.

ती वर्षं कापसाला वाईट होती, अब्बा. पाऊस नको तेव्हा यायचा, हवा तेव्हा तोंड फिरवायचा, आणि जे पीक हाती लागायचं त्याच्या बोंडात अळी निघायची. गावात लग्नं व्हायची, पण मुलीला द्यायला नवी गादी कोणी भरत नव्हतं. घरातल्या जुन्या गाद्या उसवून तोच कापूस पुन्हा पिंजून घेत होते. नव्या कापसापेक्षा जुन्या कापसात धूळ जास्त. अंगाखाली वर्षानुवर्षं दबलेली, घट्ट बसलेली. ती कमानीने मोकळी करत तुम्ही गावोगाव बसायचात, तोंडावर एक रुमाल बांधून. लोकांच्या वाईट वर्षांची धूळ तुमच्या छातीत गेली, असं मला आता वाटतं. तेव्हा फक्त खोकला वाटायचा.

मला तुम्ही कमान कधी धरू दिली नाहीत. लहानपणी मी कितीदा मागितली. "तुया हाताले खडू शोभते," म्हणायचात आणि शाळेत पाठवायचात. अम्मी होती तोवर तिच्याशी उर्दूत बोलायचात आणि माझ्याशी वऱ्हाडीत, का तर पोरगी मराठी शाळेत जाते, तिला घरी परकं वाटू नये. याचे आभार मी कधी मानले नाहीत. बापाचे आभार मानतात का कोणी? पण आता मानते.

अकोल्याच्या डॉक्टरांनी तुमची छाती तपासली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की घरात कापूस नको, धूळ नको, आणि तो पक्षी तर अजिबात नको. पिसं झडतात, बारीक भुकटी उडते, श्वासाला ते विषच. मी शाळेतून रजा काढून आले. कापसाची पोती कौसल्याकाकूंच्या शेडमध्ये हलवली. तुम्ही खाटेवरून बघत होतात. "कापूस तं काढला. आता याले बी काढ. मंग मले काढ," म्हणालात.

मी म्हटलं, अब्बा, अमरावतीला चला. मोठा दवाखाना जवळ आहे, मी जवळ आहे. तुम्ही विचारलंत, "पेळूचं काय?" तिसऱ्या मजल्यावर कोंबडा कसा न्यायचा, तेही तुमच्या त्या छातीशी? बरीच हुज्जत झाली. शेवटी तुम्ही अट घातलीत, "त्याले बाहेर राहाता येऊ दे. कोंबड्यांत रमू दे. मंग म्या येतो, आजच्या आज येतो." मी लगेच कबूल झाले. कोंबड्याला अंगणात राहायला शिकवायचं, यात काय एवढं? साऱ्या दुनियेचे कोंबडे अंगणातच राहतात, असं मला वाटलं.

अब्बा, पोरांना व्याकरण शिकवणं सोपं आहे.

काकूंनी मार्ग सांगितला. काकूंचं आणि आपलं अंगण एकच, मधली भिंत कधीच पडलेली. त्यांच्या कोंबड्यांच्या शेजारी पेळूला डाल्याखाली ठेवायचं, म्हणजे त्या मोठ्या टोपलीच्या फटींतून एकमेकांना बघतील, वासाची सवय होईल. मग दुपारी थोडा वेळ मोकळा सोडायचा. मग संध्याकाळी त्यांच्याबरोबर खुराड्यात. "घाई नको करू. पोरगी सासरी रुळते तसा रुळीन हळूहळू," काकू म्हणाल्या.

डाल्याखाली तो असा काही ओरडला, की गल्लीतली माणसं बघायला आली. आतून तुमचा आवाज, "काहून रडवून राहिली वं त्याले?" मी दात ओठ खात डाल्यावर हात ठेवून बसले. मोकळा सोडला तर काकूंची थोरली कोंबडी त्याला टोचायला धावली आणि एवढा तुऱ्याचा कोंबडा माझ्या पायांत शिरून साडीत लपला. मांजर दिसलं तर पळायचं असतं हे त्याला माहीत नव्हतं. गल्लीतल्या बोक्यापुढे जाऊन तो आपला उभा राहिला, ओळख करून घ्यावी तसा. बोकाच गोंधळला म्हणून वाचला. ओली माती पायाला लागली की पाय झटकत उभा राहायचा. घार वर फिरायला लागली की काकूंच्या कोंबड्या शेवग्याखाली पळायच्या आणि हा मात्र मधोमध उभा राहून आभाळाकडे बघायचा. तुम्ही त्याला फार प्रेमाने वाढवलं होतं, आणि भ्यायचं कोणाला एवढंच शिकवायचं राहिलं होतं.

तरी हळूहळू जमायला लागलं. थोरल्या कोंबडीने टोचणं कमी केलं. एकदा तो तिच्याशेजारी मातीत लोळला, अगदी कोंबड्यासारखा, आणि मी धावत आत येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही छताकडे बघत म्हणालात, "हं." मला वाटलं दम लागलाय.

पण रोज दुपारनंतर सगळं विस्कटायचं. सकाळी कोंबड्यांत दाणे टिपणारा पेळू दुपारी दवापाण्याच्या तयारीत माझी पाठ वळली की तुमच्या खोलीत सापडायचा. खाटेच्या पायथ्याशी, डोळे मिटून. संध्याकाळी खुराड्यात घालायला गेले की पहिल्या दिवसासारखा थयथयाट. मला काही कळेना. चूक कुठे होते तेच सापडत नव्हतं. तिकडे तुमचा श्वास रोज थोडा थोडा आखूड होत चालला होता आणि मी अंगणात एका कोंबड्याच्या मागे डालं घेऊन धावत होते. माझं सगळं त्याच्यावर अडलं होतं. हा शिकला तर तुम्ही याल, तुम्ही आलात तर बरे व्हाल. मी मनातल्या मनात त्याच्या पाया पडत होते, खरंच सांगते.

काकूंनीच एकदा मला खूण करून बोलावलं आणि खिडकीकडे बोट दाखवलं. तुम्ही खाटेवर पडल्या पडल्या हात वर केला होता. खाटेच्या वर खुंटीला कमान टांगलेली. नखाने तुम्ही तात छेडलीत. अगदी हळू. तुण्ण. अंगणात पेळूने मान वर केली आणि कोंबड्यांना सोडून धावत आत गेला.

मी दारात येऊन उभी राहिले. चिडले होते आणि हसूही येत होतं. तुम्ही चोरी पकडलेल्या पोरासारखे दुसरीकडे बघायला लागलात.

"तुमी असं करून राहिले, मंग तो शिकीन कसा?" मी म्हटलं.

"म्या कुठं काय केलं? हात लागला."

"अब्बा, तुमाले यायचंच नाही का?"

तुम्ही बराच वेळ पेळूच्या पाठीवर हात फिरवत राहिलात. मग म्हणालात, "बेटा, आता मले कोणी गादी भराले बोलावत नाही. म्या वाजवलं की हा एक येतो. हाही यायचा बंद झाला, मंग..." आणि तुम्हाला खोकला आला. पुढचं वाक्य त्या खोकल्यात गेलं. मी पाणी दिलं, पाठ चोळली. मग मी म्हटलं, बरं, पाहू आपण, आधी बरं वाटू द्या.

ते आपलं भांडण तिथेच राहिलं आहे. मी कमान खुंटीवरून काढली नाही, डॉक्टरांनी धूळ नको म्हणून सांगूनही काढली नाही. ती काढली असती तर पेळू शिकला असता का? तुम्ही आला असतात का? बरे झाला असतात का? प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी मला तुमचं नख तातीवर दिसतं आणि वाटतं, नाही, तेवढं तुमचं तुम्हाला राहिलं ते बरंच झालं. मग पुन्हा वाटतं, निदान हात धरून ओढत न्यायला हवं होतं. दिवसभर हे असं चालतं. ठरत काहीच नाही.

तुम्ही गेलात त्या दिवशी घर माणसांनी भरलं. मंडप नव्हता, माणसं अंगणभर उभी होती. ज्या गावांतल्या गाद्या तुम्ही भरल्या तिथून लोक आले. शेतकरी, माळी, हमाल, कोण कोण. एकाने मला सांगितलं, माझ्या आईचं बाळंतपण चाचांच्या गादीवर झालं. एवढ्या गर्दीत पेळू कुठे गेला हे कोणाच्या लक्षात राहणार? तुम्हाला उचललं आणि आम्ही बायका दारापर्यंत आलो. पुढे आमचं जाणं नाही. गल्लीच्या वळणापर्यंत खांदे दिसले, मग तेही दिसेनात. मला जोरात ओरडून म्हणायचं होतं, त्यांना धूळ लागू देऊ नका, त्यांना सोसत नाही. तुम्हाला मातीतच न्यायला निघालेल्या माणसांना मी हे काय सांगणार होते? मी तोंडावर पदर दाबला.

पेळू दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला. शेवग्याच्या फांदीवर, पंख फुलवून, दवाने ओला. गर्दीला भिऊन वर चढला असणार आणि तिथेच राहिला असणार. कोणी डालं ठेवलं नाही, कोणी दाणे दाखवले नाहीत, पण तो रात्रभर बाहेर राहिला. आयुष्यात पहिल्यांदा. तुमचीही ती बाहेरची पहिलीच रात्र होती, अब्बा. हे मनात आलं आणि मी त्या झाडाखालीच बसले. आदल्या दिवसभर आलं नव्हतं इतकं रडू मला तिथे आलं.

मला वाटलं, चला, एकदा राहिला म्हणजे आता राहील. कुठलं काय! संध्याकाळ झाली की तुमच्या दाराशी येऊन बसायचा. तिसऱ्या दिवसाच्या जियारतीला, दुआसाठी आलेल्या पाहुण्यांच्या चपलांतही येऊन बसला. खुराड्यात घातला तर कोंबड्यांना तुडवत बाहेर. दारापाशी राहू दिला असता, पण तो बोका आता गोंधळत नाही. एका सकाळी उंबऱ्यावर पिसं पडलेली दिसली. पेळू कोपऱ्यात उभा होता, शेपटीची दोन पिसं कमी.

तेव्हा मला सुचलं. तुमचं दार एकदाच उघडलं ते यासाठीच; मी खुंटीवरून कमान काढली, खुराड्याशेजारी दगडावर टेकवली आणि मोगरी घेऊन बसले. तुम्ही जिला कधी शिकवलं नाही ती तुमची लेक तात वाजवायला बसली. पहिला ठोका भलतीकडेच पडला. मग एकदा वाजली. तुण्ण. पेळू धावत आला! खुराड्याच्या तोंडाशी आला, आत शिरला. मी दार लावून टाकलं. मला इतका आनंद झाला, की मागे वळून तुम्हाला सांगायला निघाले होते.

मग रोज तसंच करायला लागले. रोज संध्याकाळी मी वाजवायची, तो यायचा, मी दार लावायची. आणि रोज सकाळी दार उघडलं, की तो सरळ तुमच्या खोलीकडे. चोच, टक टक टक. दिवसभर तिथेच. कोंबड्यांत जाणंही त्याने सोडलं. दाणे तिथे नेऊन टाकले तर दोन टिपायचा. वजन उतरलेलं हाताला कळायला लागलं. मी आणखी वाजवायला लागले. दुपारीही वाजवायची, म्हणजे निदान अंगणात तरी येईल. यायचा. माझ्या हाताकडे बघायचा, चेहऱ्याकडे बघायचा, आजूबाजूला शोधायचा आणि परत दाराकडे.

काकू मेथीच्या जुड्या बांधत हे बघत होत्या. आज दुपारी त्या उठून माझ्याजवळ आल्या. त्यांनी माझ्या हातातली मोगरी काढून घेतली.

"नसीम, हे वाजवनं बंद कर बाई."

"याच्यानंच तं येते काकू तो."

"येते, पन कोनासाठी येते? तू वाजवते अन् त्याले वाटते बाबा हाये. तू रोज त्याले सांगून राहिली बाबा हाये म्हनून. मंग तो काहून जाईन कोंबड्यांत? तो थांबून राहिला वं."

पिंजाऱ्याच्या घरी जन्मले, म्हणून मला वाटलं, कमानीने सगळं मोकळं होतं. आणि त्या आवाजाने मी त्याला रोज नव्याने खोटं सांगत होते. खरं म्हणजे स्वतःलाही. वाजवताना डोळे मिटले की मला तुम्ही शेजारच्या खोलीत असल्यासारखं वाटायचं, म्हणून दुपारीही वाजवत होते. पेळूचं तर नुसतं निमित्त.

काकूंनी मोगरी खाली ठेवली आणि निघून गेल्या. मी तात सोडवली. तुम्ही बांधलेली गाठ होती. नखांनी सुटेना, मग दातांनी ओढली. सुटली तेव्हा कमान एकदम सैल पडली. नुसतं लाकूड राहिलं.

संध्याकाळी काकूंच्या कोंबड्या खुराड्याकडे निघाल्या. थोरली पुढे, बाकीच्या मागे. पेळू तुमच्या दाराशी उभा होता. त्याने मान वर केली आणि ऐकलं. मी मोकळ्या हातांनी उभी होते. त्याने पुन्हा ऐकलं. इतका वेळ ऐकत राहिला, की मला वाटलं धावत जावं आणि तात परत बांधावी. मुठी आवळून धरल्या. ऊन शेवग्यावरून सरकत भिंतीवर गेलं. थोरल्या कोंबडीने खुराड्याच्या तोंडाशी थांबून एक आवाज केला, तो त्याच्यासाठी होता की नाही कोण जाणे. पेळूने एक पाय उचलला, ठेवला. दाराकडे एकदा बघितलं. मग अंगण ओलांडून सगळ्यांच्या मागून आत गेला.

काकूंनी फळी लावली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. अट पुरी झाली, अब्बा. तो बाहेर राहायला लागला. अमरावतीची गाडी सकाळी आहे.

मी मात्र अजून तुमच्या दाराशीच उभी आहे. वाटतं, आतून एकदा तात वाजेल.